खमिसी मागणीला येतोय

खमिसीला शुक्रवार नकोसा झाला होता.

बाकीच्या गावाला शुक्रवार म्हणजे सुटी, दुपारची नमाज, घरचं रव्याचं कुसकुस आणि मग पाय पसरून झोप. खमिसीला तसला शुक्रवार मिळून वर्षं लोटली होती. कुसकुसचा शेवटचा घास पोटात उतरतोय न उतरतोय तोच खाली गाडीचा हॉर्न वाजायचा. कधी कुणाची मुलगी मागायला जायचं, कधी कुणा दोन भावांची जुंपलेली सोडवायची, कधी कुणाच्या घरी माणूस गेलेलं असायचं. आणि या बंदराच्या गावात, स्किकदात, इमारतींना लिफ्ट एक तर नसते, नाहीतर असून बंद असते. अडुसष्टाव्या वर्षी, डावा गुडघा पार झिजलेला असताना, लोकांच्या प्रेमापोटी चार-चार मजले चढणारा माणूस किती दिवस हसतमुख राहील? खमिसी राहायचा. चेहऱ्याला सवय झाली होती.

खेळणं सोडून त्याला पस्तीस वर्षं झाली होती. त्याआधी अकरा हंगाम तो गावाच्या फुटबॉल संघात बचावाच्या मधोमध उभा राहिला. उभा राहिला असंच म्हणायला हवं, कारण तो फार पळायचा नाही. आयुष्यात त्याने उणेपुरे चार गोल केले, त्यातले दोन आपल्याच जाळ्यात. पण समोरचा खेळाडू त्याच्यापाशी आला की त्याची वाट बंद व्हायची. म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं ‘कुलूप’. राजधानीत झालेल्या चषकाच्या उपांत्य सामन्यात डोक्याला पट्टी बांधून, दहा जणांनिशी, त्याने सत्तर मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. त्या स्टेडियममध्ये वीस हजार माणसं मावत. ‘मी होतो तिथे’ असं खमिसीला आजवर लाखभर माणसांनी तरी सांगितलं असेल, त्यातली निम्मी तेव्हा जन्मलीही नव्हती. अंतिम सामना आपण हरलो, हे मात्र कुणाच्याच लक्षात नाही.

प्रेम आटलं नाही, उलट वाढत गेलं. नवे खेळाडू आले, पैसा घेऊन दुसऱ्या गावांना गेले. खमिसी गेला नाही. ‘कुलूप आपल्या दाराला राहिलं’ असं लोक म्हणत. आणि या प्रेमाचं करायचं काय, तर मुलाचं लग्न ठरवायचं असलं की खमिसीला पुढे बसवायचं. आधी बायका जाऊन मुलगी बघून येत. मग एका शुक्रवारी पुरुष जात, आणि त्यांच्यातला सर्वांत मानाचा माणूस तोंड उघडून मुलगी मागे. मुलीच्या बापाने होकार दिला की सगळे तळवे वर करून फातिहा म्हणत आणि शब्द पक्का होई. खमिसीला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा बाप अजून तरी कुणी पाहिला नव्हता. ‘खमिसी मागणीला येतोय’ असं कळलं की मुलांच्या आया त्याच संध्याकाळी मांडववाल्याला निरोप धाडत.

त्या मंगळवारी तो नेहमीप्रमाणे गुडघा शेकायला दवाखान्यात गेला होता. पडद्याआडच्या खाटेवर पाय लांब करून पडलं की वीस मिनिटं कुणी हाक मारत नसे. आठवड्यातली तेवढीच खरी विश्रांती. व्यायाम आणि शेक देणारी मुलगी रुमैसा, सव्वीस वर्षांची, हाताला जोर असलेली, तोंडाने फटकळ. दोन वर्षं तिनेच तो पाय चालता ठेवला होता.

आज ती काही बोलत नव्हती. गुडघ्याला पट्ट्या चिकटवल्या, यंत्र चालू केलं आणि तशीच उभी राहिली.

“काय गं, आज शिव्या नाहीत? मी जिने चढलोय हं, आधीच सांगतो,” खमिसी म्हणाला.

“काका, या शुक्रवारी तुम्ही कुणाकडे जाताय?”

“तय्यबच्या मुलासाठी. आमच्या गोलकीपरच्या. शम्सुद्दीन. कुठली तरी मुलगी बघितलीये म्हणे बंदरापाशी. का?”

“ती मुलगी मी.”

खमिसी कोपरावर उठून बसला. तय्यबने नाव सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. हल्ली तो विचारायचंच विसरला होता. कुठला मजला, एवढंच विचारायचा.

“अगं मग चांगलंच झालं की! पोरगा नोकरीला आहे, पीत नाही, बापाला धरून आहे...”

“सगळं खरं. पोरगा वाईट नाही, मी कुठे वाईट म्हणतेय? माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्यात तो मला म्हणाला, ‘लग्नानंतर ते परक्यांचे पाय चोळणं बंद.’ असंच म्हणाला, हसत हसत. मी चार वर्षं शिकले ते पाय चोळायला नाही.” तिने यंत्राचा काटा पुढे सरकवला, आणि खमिसीच्या पायात चांगलीच झिणझिणी आली. “मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, बरं, येऊ देत त्यांना, मी गोडीत ‘नशिबात नाही’ म्हणून टाकीन. परवापर्यंत हे ठरलेलं होतं. मग काल कळलं की तुम्ही येताय. तेव्हापासून बाबा भिंतीवरचा तुमचा फोटो पुसतायत.”

“माझा फोटो आहे?”

“दिवाणखान्यात. पट्टी बांधलेला.”

खमिसी सुटका करून घ्यावी तसं म्हणाला, “अगं, मी तिथे नुसता बसतो. दोन वाक्यं बोलतो, कॉफी पितो.”

“मैदानात तरी तुम्ही काय करत होता? बाबा सांगतात, नुसते उभे राहायचात. किती जण पुढे गेले तुमच्या?” तिचे डोळे भरून आले तसे तिने तोंड फिरवलं. “काका, तुम्ही आलात की माझ्या बापाची जीभ उचलत नाही हो. तुम्ही येऊ नका, एवढंच म्हणते. आणि मी हे बोलले ते कुणाला कळू देऊ नका.”

हे तिने सांगायची गरज नव्हती. मुलगी परक्या म्हाताऱ्यापाशी आपल्या लग्नाचं बोलली, हे बाहेर पडतं तर शम्सू राहिला बाजूला आणि गावभर तिच्याच नावाने बोंब झाली असती.

त्या दिवशी त्याला वीस मिनिटं विश्रांती मिळाली नाही.

दुपारी तो कमानींच्या रस्त्यावरच्या कॅफेत गेला. तय्यब तिथे रोजच्या खुर्चीत बसला होता. दोन बोटं वाकडी, पोट सुटलेलं, आवाज मात्र अजून गोलपाशी उभं राहून ओरडल्यासारखा. अकरा हंगाम खमिसीच्या पाठीमागे उभा राहिलेला हा माणूस. भावापेक्षा जवळचा, आणि भावापेक्षा जास्त छळणारा.

“तय्यब, शुक्रवारचं जमेल असं वाटत नाही. गुडघा फार दुखतोय.”

“तुझा गुडघा शहाऐंशी सालापासून दुखतोय.”

“चौथा मजला आहे म्हणे.”

“उचलून नेतो. शम्सू आणि मी, खुर्चीत बसवून. वरात आधीच काढली म्हणून लोक खूश होतील.”

“इमाम आहेत ना बरोबर? तुझा थोरला भाऊ आहे. मी कशाला?”

तय्यबने कप खाली ठेवला. “हे बघ मर्दा. तू सगळ्या गावाच्या पोरांसाठी गेलास. त्या औषधवाल्याच्या रताळ्यासाठी गेलास, ज्याला कुणी शेळी दिली नसती. आणि माझ्या मुलाच्या वेळेला तुझा गुडघा दुखतो? लोक काय म्हणतील? म्हणतील, खमिसीला पोराचं काहीतरी माहीत आहे. पोराला गावात दुसरी मुलगी मिळेल का मग?”

हे खमिसीच्या डोक्यात आलंच नव्हतं. तो गेला तर मुलगी अडकते, न गेला तर निर्दोष पोराच्या नावाला डाग. आपलं येणं जड, आपलं न येणंही जड. स्वतःच्या वजनाचा त्याला इतका कंटाळा आजवर कधी आला नव्हता.

“येतो रे बाबा,” तो म्हणाला. “गंमत केली.”

घरी आल्यावर वर्दाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गुडघ्याला बर्फ लावला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या गप्प बसण्याच्या तऱ्हा पाठ झाल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्याने तिला सगळं सांगून टाकलं. तिच्यापासून लपवणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि तिच्या पोटातून बाहेर काही जात नसे.

“मग काय करणार आहात?” वर्दाने विचारलं.

“काय करणार! जाईन. बसेन. बाप आपलं बघून घेईल. त्याची जीभ त्याच्या तोंडात आहे.”

“तुमची होती का तुमच्या तोंडात?”

खमिसीने मान वळवली. हा विषय त्या घरात दहा वर्षांतून एकदा निघायचा.

तो चोवीस वर्षांचा असताना समुद्रापलीकडून, फ्रान्समधल्या एका संघाकडून त्याला बोलावणं आलं होतं. कागद तयार होते. त्याने नवी बॅगसुद्धा आणली होती. वर्दाशी लग्न ठरलेलं, तीही जायला तयार. आणि एका शुक्रवारी गल्लीतले सात म्हातारे मिठाईचे डबे घेऊन त्याच्या आईच्या घरी आले. संघाचे अध्यक्ष होते, त्याला पहिले बूट देणारे मास्तर होते. ‘पोरा, आम्ही तुला मागायला आलोय, जाऊ नकोस.’ एवढंच बोलले. कुणी धमकी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. खमिसीने तोंड उघडलं, आणि काही निघालंच नाही. मास्तरांनी तळवे वर केले, फातिहा झाली. गावाने त्याला निष्ठा म्हटलं. आजतागायत म्हणत आलं. खरी गोष्ट ही की त्या दिवशी त्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही, बस. पुढचं सगळं प्रेम त्या एका न उच्चारलेल्या शब्दावर उभं होतं, आणि ते वर्दाखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

“मी वाईट जगलो नाही,” थोड्या वेळाने खमिसी म्हणाला.

“मी कुठे म्हणते वाईट? पण तुम्हाला कुणी विचारलं नाही, इतकंच.” ती बर्फाची पिशवी घेऊन आत गेली.

शुक्रवारी दुपारच्या दुसऱ्या नमाजेनंतर दोन गाड्या बंदरापाशी थांबल्या. तय्यब, त्याचा थोरला भाऊ, मशिदीचे इमाम, शम्सू आणि खमिसी. चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक जिन्यावर दारं उघडत होती, लोक मानाने त्याला ‘शेख’ म्हणत होते. ‘शेख, या ना, कॉफी घेऊन जा!’ ‘काका, एक फोटो!’ तिसऱ्या मजल्यावर एका बाईने नुसता त्याच्या खांद्याला हात लावला आणि हात स्वतःच्या कपाळाला टेकवला. खमिसी हसत होता, कठड्याला धरून एकेक पायरी चढत होता, आणि मनातून या सगळ्यांवर चिडला होता. इतकं प्रेम करतात, पण दोन पायऱ्या चढून झाल्यावर दम खाऊ देत नाहीत.

रुमैसाचे बाबा, ताहर, दारातच उभे होते. बंदरावर कारकुनी करून निवृत्त झालेला बारीकसा माणूस. नवा शर्ट, घडीच्या रेषा अजून तशाच. त्याने खमिसीचं डोकं धरून चार वेळा चुंबलं.

“माझ्या घरात तुम्ही! पंधरा वर्षांचा होतो मी, शेख. त्या उपांत्य सामन्याला बापाने सोडलं नाही. रेडिओपाशी बसून रडलो होतो.”

निदान हा तरी ‘मी होतो तिथे’ म्हणाला नाही. खमिसीला तो एकदम आवडला, आणि त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

खोलीत समोरासमोर दोन बैठका होत्या. मुलाकडचे चौघे आणि खमिसी अलीकडे बसले. पलीकडे ताहर एकटाच. त्याला भाऊ नव्हता, मेहुणे गावी होते. त्याच्या डोक्यावर तो फोटो, काच लखलखीत. कॉफी आली, खजुराची मिठाई, मक्रूद, आली, हवापाण्याचं झालं, बंदरातल्या संपाचं झालं. मग तय्यबने खमिसीला कोपर लावलं.

खमिसीने घसा साफ केला. ती दोन वाक्यं तो झोपेतही बोलला असता. “ताहर, आम्ही तुमच्या घरी देवाच्या आणि पैगंबरांच्या रीतीने आलोय. तुमची लेक रुमैसा आमच्या शम्सुद्दीनसाठी मागतो.”

ताहरने मान खाली घातली. सतरंजीकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या कपाळावर घाम आला. आतल्या दाराचा पडदा जराही हलत नव्हता, पण त्यामागे कुणीतरी उभं आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ताहरने तोंड उघडलं, मिटलं. खमिसीकडे पाहिलं आणि ओशाळं हसला. ते हसू खमिसीने ओळखलं. सात म्हाताऱ्यांपुढे बसून तो स्वतः असाच हसला होता.

“शेख,” ताहर म्हणाला, “तुम्ही आल्यावर मी कोण...”

इमामांचे तळवे गुडघ्यावरून उचलू लागले होते.

“थांबा,” खमिसी म्हणाला.

तो उठला. उठताना गुडघ्यातून कळ आली आणि तो कण्हला. शम्सूने हात द्यायला पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. मधली सतरंजी ओलांडून, लंगडत, कॉफीच्या ट्रेला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि ताहरच्या शेजारी, त्याच्या मांडीला मांडी लावून बसला.

खोलीत कुणाला काही कळेना.

“मुलाकडून मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं,” खमिसी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “पोरगा सोन्यासारखा आहे, हे मी शपथेवर सांगतो, आणि बाहेरही सांगेन. पण ताहरच्या बाजूला कुणीच नाही. पाच जण एकीकडे, एकटा माणूस एकीकडे, अशी मागणी मला पसंत नाही. आता मी इकडचा. ताहर, तुझ्या मनात काय आहे ते सांग. हो असेल तर हो. नसेल तर नाही. माझ्याकडे बघू नकोस, मी तुझ्या शेजारी आहे.”

“खमिसी, हे काय नाटक?” तय्यबचा आवाज चढला.

“तू गप्प बस. त्याला बोलू दे.”

ताहरने सतरंजीवरून नजर उचलली. त्याचा खांदा खमिसीच्या खांद्याला टेकला होता. मग तो माणूस हळू आवाजात, पण नीट ऐकू येईल असं बोलला. “तय्यबभाई, राग मानू नका. तुमचा मुलगा चांगला आहे. माझ्या मुलीच्या मनात नाही. मी तिला विचारलंय. माझं उत्तर नाही.”

पडद्यामागे भांड्याचा आवाज झाला.

शम्सू लाल झाला, उठला आणि कुणाकडे न बघता बूट घालू लागला. इमाम ‘देवाने दोघांचंही भलं करावं’ असं पुटपुटले. तय्यबचा भाऊ तोंडात धरलेली मक्रूद गिळावी की काढावी या विचारात होता. तय्यब मात्र जागचा हलला नाही. तो खमिसीकडे टक लावून बघत होता. मग एकदम उठला आणि दार आपटून निघून गेला.

ताहर रडत होता. हातात हात घेऊन काहीबाही बोलत होता, जेवून जा म्हणत होता. खमिसीने त्याला थोपटलं, आणि थकून म्हणाला, “आता मला खाली जायचंय रे. चार मजले आहेत.”

खाली उतरायला त्याला खूप वेळ लागला. जिन्यावरची दारं आता बंद होती. बातम्या जिन्याने त्याच्यापेक्षा लवकर उतरतात. तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याने ठरवलं होतं की बस मिळेल तिथपर्यंत चालायचं. पण एक गाडी गेली तरी दुसरी होती. तय्यब स्टिअरिंगवर हात ठेवून एकटाच बसला होता.

“बस,” तय्यब म्हणाला.

“मी जाईन रे.”

“त्या पायावर? बस म्हणतो ना.”

खमिसी बसला आणि तय्यबने गाडी चालू केली. कमानींखाली माणसं शुक्रवारची फिरत होती, सिग्नलला एका टॅक्सीवाल्याने खमिसीला बघून हॉर्न वाजवला आणि हात उंचावला. खमिसीनेही उंचावला.

घरापाशी गाडी थांबली. खमिसीने दार उघडलं, पाय बाहेर काढला आणि तसाच बसून राहिला. खरं सांगायची उबळ गळ्यापर्यंत आली होती. मुलीचं नाव घेतल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. त्याने ती गिळली.

“तय्यब...”

“अकरा वर्षं मी तुझी पाठ बघितली,” तय्यब समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. त्याचा तो ओरडणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “उन्हात, पावसात, फक्त पाठ. बॉल आला की म्हणायचो, पाठ आहे ना समोर, मग काही नाही. आज पहिल्यांदा तू माझ्यासमोर तोंड करून बसलास.”

खमिसीने गुडघ्यावर तळवा ठेवला.

“समोरून येणाऱ्या खेळाडूंना तू इतकं घाबरवायचास,” तय्यब म्हणाला, “ते का घाबरायचे ते आज कळलं.” त्याने नाक ओढलं, वाकड्या बोटांनी डोळे पुसले. “जा आता वर. गुडघ्याला बर्फ लाव. आणि मला फोन करू नकोस.”

“किती दिवस?”

खमिसी उतरताच पलीकडे वाकून तय्यबने दार ओढून घेतलं आणि गाडी चालू केली. खमिसी फुटपाथवर उभा राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मग कठड्याला धरून तो पहिल्या पायरीवर चढला, आणि तिथेच बसला.